पाच दिवसांचा पायथॉन कोर्स आणि हातात तीन आठवडे, तर आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वनस्पतिशास्त्रात पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय सह्याद्रीतल्या देवरायांमधली झाडं, डिपार्टमेंटने पुढच्या महिन्यात पाच दिवसांचा पायथॉनचा बेसिक कोर्स ठेवलाय, कोडिंग कधीच केलेलं नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं, शाळा मराठी माध्यमाची, लॅपटॉप जुना चार जीबी रॅमचा, तर तीन आठवड्यांत काय शिकून जावं म्हणजे वर्गात मागे पडणार नाही.

मी गेली बारा-तेरा वर्षं एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलांसाठी असे तीन ते पाच दिवसांचे कोर्स घेते, जास्त करून बायो, शेती, भूगोल, अर्थशास्त्र अशा विषयांची मुलं असतात, कॉम्प्युटरवाली नसतात. त्यावरून सांगते. तीन आठवड्यांत पायथॉन शिकून जायचा प्रयत्न करू नका. पायथॉन शिकवायचं काम त्या पाच दिवसांचं आहे आणि ते तिथे होईल. तुम्ही जी तयारी करायची ती वेगळीच आहे आणि ती तुमच्यासाठी दुसरं कुणी करू शकत नाही: चालणारं मशीन, नीट लावलेली तुमची स्वतःची फाइल, आणि हाताने काढून ठेवलेलं एक उत्तर. या तीन गोष्टी घेऊन आलेला विद्यार्थी मागे पडलेला मी अजून तरी बघितला नाही, आणि चाळीस तासांचे व्हिडिओ बघून आलेले पहिल्याच दुपारी अडकलेले खूप बघितलेत.

व्हिडिओचं असं होतं की बघताना सगळं कळतं. समोरचा माणूस टाइप करतो, त्याचं चालतं, आपण मान डोलावतो. स्वतः टाइप करताना कळतं की कोलन राहिला, कंस बंद केला नाही, फाइल सापडत नाहीये, आणि व्हिडिओतल्या माणसाची फाइल तर लगेच सापडली होती. त्यामुळे बघायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत ते बघा. ते बरेच विषय मराठीसकट वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या आवाजात देतात, आणि त्यांची पद्धतच अशी आहे की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर तुमचं काम, थांबवत थांबवत करायचं. एक-दोन करा, पुरे. आणि एक खूण लक्षात ठेवा, कुठल्याही जुन्या व्हिडिओत प्रिंटच्या पुढे गोल कंस नसेल तर तो व्हिडिओ बंद करा, ते पायथॉन २ आहे, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यातलं कोड तुमच्याकडे चालणार नाही.

आता मशीन. हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तीस जण एका हॉलमध्ये, सगळे एकाच वायफायवर, आणि दहा जण पहिल्या दिवशी सकाळी इन्स्टॉल करायला बसतात, तो दिवस जेवणापर्यंत गेलाच म्हणून समजा. आयोजकांना आजच मेल करून विचारा की नक्की काय टाकायचंय, अ‍ॅनाकोंडा (पायथॉन आणि लागणारी पॅकेजेस एकत्र) का साधं पायथॉन का गूगल कोलॅब (ब्राउझरमध्येच चालणारं), आणि व्हर्जन कुठलं. अ‍ॅनाकोंडा असेल तर डाउनलोडच जवळपास एक जीबीचं असतं आणि टाकल्यावर डिस्कवर पाचेक जीबी जागा खातं, तेव्हा आधी सी ड्राइव्ह रिकामा करा, लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा. डाउनलोड डिपार्टमेंटच्या नेटवर शनिवारी सकाळी करा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री करू नका, मध्ये तुटलं की परत पहिल्यापासून. विंडोजमध्ये तुमच्या यूजरच्या नावात स्पेस असेल, किंवा नाव देवनागरीत टाकलेलं असेल, तर काही टूल्सना त्याचा त्रास होतो, अशा वेळी सी ड्राइव्हवर थेट एक साध्या इंग्रजी नावाचं फोल्डर करून तिथे टाका. आणि काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पायथॉन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच की विंडोजला तुमचं पायथॉन कुठंय ते माहीत नाही, अ‍ॅनाकोंडाची स्वतःची प्रॉम्प्ट उघडून तिथे बघा.

चार जीबी रॅमबद्दल विचारलंय. चालेल. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायचं पान, ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे क्रोमच्या बाकी वीस टॅब बंद ठेवायच्या, व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद, एक्सेल बंद. तुमच्या देवराईच्या डेटात फार तर काही हजार ओळी असतील, तेवढ्याला चार जीबी भरपूर आहे. अगदीच रडत असेल तर थॉनी नावाचा एक हलका एडिटर आहे, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलेला, त्याच्यातच पायथॉन येतं, घरी सरावाला तो उत्तम. वर्गात मात्र सगळे वापरतील तेच वापरा, नाहीतर शिकवणारा म्हणेल वर उजवीकडे बघा आणि तुमच्याकडे वर उजवीकडे काहीच नसेल.

सगळं टाकून झालं की तीन गोष्टी स्वतः करून बघा: नोटबुक उघडतं का, त्यात दोन अधिक दोन लिहून चार येतात का, आणि इम्पोर्ट पांडाज (तक्ते वाचायचं पायथॉनचं पॅकेज) लिहून शिफ्ट-एंटर केल्यावर काही लाल दिसत नाही ना. एवढं झालं की मशीन तयार. नाही झालं तर कोर्सच्या आठवडाभर आधी कुणाला तरी दाखवा, आदल्या रात्री नाही.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती, म्हणजे फाइल आणि फोल्डर. आजकालची बरीच हुशार मुलं फोनवर वाढलीयत, फोनमध्ये फाइल कुठंय हा प्रश्नच येत नाही, शोधलं की सापडते. प्रोग्रामला मात्र पत्ता लागतो. मी वर्गात पहिलं वाक्य विचारते की तुमची फाइल कुठंय, आणि उत्तर येतं “एक्सेलमध्ये”. नाही हो, कुठल्या फोल्डरमध्ये? डाउनलोड्समध्ये? झिपच्या आत? झिप नुसती उघडून आतली फाइल बघता येते म्हणून वाटतं की बाहेर काढलीय, ती काढलेली नसते. वनड्राइव्ह चालू असेल तर तुम्हाला दिसणारा डेस्कटॉप खरा वनड्राइव्हच्या आत असू शकतो. आणि विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, म्हणून तुम्ही नाव देता झाडे डॉट सीएसव्ही (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेला साधा तक्ता) आणि प्रत्यक्षात ती झालेली असते झाडे डॉट सीएसव्ही डॉट टीएक्सटी. आजच फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, कायमची.

एक एरर तर इतक्यांदा बघितलीय की पाठ झालीय. मुलगी फाइलचा पूर्ण पत्ता विंडोजमधून कॉपी करते, अवतरणात पेस्ट करते, सी कोलन, मग उलटी तिरपी रेघ म्हणजे बॅकस्लॅश, मग यूजर्स, आणि रन केल्यावर येतं “यूनिकोड एरर, यूनिकोडएस्केप” आणि पुढे काहीतरी पोझिशन दोन-तीन. तिला वाटतं फाइलमध्ये मराठी नावं आहेत म्हणून यूनिकोडची भानगड झाली, ती बिचारी तासभर फाइलमधली नावं इंग्रजीत करत बसते. फाइलचा काही संबंधच नाही. पायथॉनमध्ये अवतरणाच्या आत बॅकस्लॅशला खास अर्थ असतो, आणि बॅकस्लॅशच्या लगेच पुढे कॅपिटल यू आला की पायथॉन समजतं पुढचे आठ आकडे एखाद्या अक्षराचा यूनिकोड नंबर आहेत, आणि इथे पुढे येतं “सर्स”, म्हणून ते अडतं. त्या रेघा साध्या तिरप्या करा, म्हणजे एक्सेलमधल्या भागाकाराच्या चिन्हासारख्या, चालतं. त्याहून सोपं, नोटबुक आणि डेटाची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे नुसतं नाव पुरतं. तर कोर्ससाठी एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत, स्पेसशिवाय, दोन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर, आणि पाच दिवस सगळं त्यातच.

टायपिंगचं सांगते. रोज पंधरा मिनिटं, कसलंही, पण चिन्हांसकट. शाळेत बैजिक राशी सोडवताना गोल कंस, महिरपी कंस, चौकटी कंस शिकलो होतो ना, तेच तिन्ही इथे आहेत, फक्त इथे प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ते तिन्ही, कोलन, अंडरस्कोर, साधी आणि दुहेरी अवतरणं, हॅश, हे कीबोर्डवर न शोधता सापडलं पाहिजे. वर्गात शिकवणारा पुढे जातो आणि आपण अंडरस्कोर शोधत असतो, तिथून दोरा तुटतो, समजण्यात कमी पडतो म्हणून नाही. आणि वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कोड कॉपी करू नका, वर्ड सरळ अवतरणांची गोंडस वाकडी अवतरणं करून टाकतं आणि पायथॉनला ती कळत नाहीत, डोळ्यांना फरक जाणवतच नाही.

इंग्रजीचं टेन्शन असेल तर हे बघा. पायथॉनमध्ये राखीव शब्द सध्या ३५ आहेत, बस. त्यातले पाच दिवसांच्या कोर्समध्ये डझनभर वापरात येतील: इफ, एल्स, फॉर, इन, डेफ, रिटर्न, इम्पोर्ट, अँड, ऑर, नॉट असे. हे इंग्रजी भाषण नाही, ही बारा अवजारं आहेत आणि तुम्ही चौथीत शिकलेल्या शब्दांची आहेत. शंका मराठीत विचारा. मी तर वर्गात सांगूनच टाकते की मराठी, हिंदी, जमेल त्यात विचारा, आणि ज्या दिवशी हे सांगितलं त्या दिवशी प्रश्न दुप्पट आले. गणिताचं पण तेच, सरासरी, टक्केवारी आणि कमी-जास्त एवढं येत असेल तर या कोर्सला गणित पुरे.

आता मुख्य भाग, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. तुमचा डेटा.

तुम्ही देवरायांमध्ये प्लॉट टाकले असतील, समजा २० बाय २० मीटरचे, टेपने छातीच्या उंचीवर झाडाचा घेर मोजला असेल, वहीत लिहिलं असेल आणि मग एक्सेलमध्ये भरलं असेल. ती शीट आज उघडा आणि कॉम्प्युटरच्या नजरेने बघा. वरती तीन ओळींत मर्ज केलेलं शीर्षक आहे का? काढा, पहिली ओळ फक्त कॉलमच्या नावांची. मेलेल्या झाडांना लाल रंग दिलाय का? रंग प्रोग्रामला वाचता येत नाही, “अवस्था” नावाचा कॉलम करा आणि त्यात जिवंत-मृत लिहा. घेराच्या खान्यात कुठे ९४, कुठे ९४ सेमी, कुठे “अंदाजे ९०” असं आहे का? एकक कॉलमच्या नावात, आकडा नुसता आकडा, आणि अंदाजे वगैरे वेगळ्या शेऱ्याच्या कॉलममध्ये. झाडांची नावं बघा: जांभूळ, जांभुळ, आणि जांभूळच्या पुढे न दिसणारी एक स्पेस, हे तुम्हाला एक झाड आहे पण प्रोग्रामला तीन जाती आहेत, आणि तुमची जातींची संख्या उगाच फुगते, जैवविविधतेचा निर्देशांक काढला तर तो चुकतो. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा. ०३/०७ ही आपल्याला ३ जुलै दिसते, पांडाजला वेगळं सांगितलं नाही तर ते तिला ७ मार्च धरतं, आणि जुलैतलं फील्डवर्क मार्चमध्ये जाऊन बसतं.

हे बारीकसारीक वाटतं पण यात मोठमोठे लोक अडकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं अशी होती की एक्सेल त्यांना तारीख समजायचं, मार्च १, सेप्टेंबर २ असं करून टाकायचं, आणि छापलेल्या संशोधनांच्या सोबतच्या फायलींमध्ये पण त्या चुका राहिल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेचे कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण मोजणीतून गळाले, कारण डेटा जुन्या एक्सेलच्या फाइलमधून चालला होता आणि त्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. जिथे गळती होते तिथे कुठली लाल एरर येत नाही, हे लक्षात घ्या.

मराठीत नावं भरली असतील तर सेव्ह अ‍ॅज मध्ये नुसतं सीएसव्ही नाही, सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर उघडल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. जुनी यादी एखाद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, म्हणजे फॉन्ट बदलला की अक्षरांचं इंग्रजी कडबोळं होतं अशी, तर ती आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्या, ते काम कोर्समध्ये निघणार नाही. तसं पायथॉन ३ आपल्या लिपीशी चांगलं वागतं, देवनागरीत अवतरणात “१२” लिहून त्याचा पूर्णांक करायला सांगितलं तर ते बरोबर बारा करतं, करून बघा, मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार आनंद झाला होता.

मूळ फाइलला हात लावू नका हं, तिची कॉपी करून कॉपीत साफसफाई.

शीट साफ झाली की त्यातल्या फक्त दहा ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा. आणि आता कागद-पेन-कॅल्क्युलेटर घेऊन बसा. तुमच्याकडे एक प्रश्न असणारच, उदाहरणार्थ या प्लॉटमध्ये झाडांच्या खोडांनी एकूण किती जागा व्यापलीय, म्हणजे बेसल एरिया. एका खोडाचा बेसल एरिया म्हणजे घेराचा वर्ग भागिले चार पाय, म्हणजे भागिले साधारण १२.५७. घेर ९४ सेमी असेल तर ८,८३६ भागिले १२.५७, सुमारे ७०३ चौरस सेमी. आता हे काम स्वतः न करता एका नव्या, प्रामाणिक पण अजिबात डोकं न चालवणाऱ्या मदतनिसाला सांगायचंय असं समजून मराठीत लिहा:

बेरीज शून्य धर. यादीतली एकेक ओळ घे. अवस्था मृत असेल तर ती ओळ सोड. घेर ३० पेक्षा कमी असेल तरी सोड. नाहीतर घेराचा वर्ग कर, १२.५७ ने भाग, आणि आलेलं उत्तर बेरजेत मिळव. ओळी संपल्या की बेरीज सांग.

झालं. हा प्रोग्राम आहे. यात व्हेरिएबल (“बेरीज” हे नाव दिलेला आकडा) आलं, लूप (एकेक ओळ घेत जाणं) आला, अट आली, आणि बेरीज साठवत जाणं आलं, कोर्सचे पहिले दोन दिवस याच चार गोष्टींचे असतात. वर्गात जेव्हा फॉर शिकवतील तेव्हा तुम्हाला “एकेक ओळ घे” आठवेल आणि इफला “असेल तर सोड”. ज्याने हे मराठीत लिहून आणलंय त्याला फक्त भाषांतर करायचं असतं, ज्याने नाही आणलं तो विचार आणि भाषा दोन्ही एकदम शिकत असतो, आणि ते जड जातं.

पण अजून एक गंमतीची जागा आहे तिथे थांबा. देवराईत एका बुडातून दोन-तीन खोडं आलेली झाडं भरपूर असतात, अंजनी तर हमखास. समजा दोन खोडं, घेर ४० आणि ३०. वहीत तुम्ही ४०+३० लिहिलंत आणि एक्सेलमध्ये भरताना ७० केलंत. ७० चा बेसल एरिया येतो ३९०. खोडं वेगवेगळी धरली तर १२७ आणि ७२, मिळून १९९. जवळपास दुप्पट फरक, आणि प्रोग्राम दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे उत्तर देणार. हे कुठलाही पायथॉनचा शिक्षक तुम्हाला सांगू शकणार नाही कारण त्याला अंजनी माहीत नाही, हे तुम्हालाच माहीत असणार. म्हणून प्रत्येक खोडाला वेगळी ओळ, आणि “झाड क्रमांक” असा कॉलम म्हणजे कुठली खोडं एका झाडाची ते कळेल. आणि म्हणूनच दहा ओळींचं उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून कागदावर लिहून ठेवायचं. कोर्समध्ये तुमचा प्रोग्राम तेच उत्तर देईल तेव्हा तुम्ही त्याला हजार ओळी द्या, त्याआधी नाही.

मी हे इतकं रेटून सांगतेय त्याला कारण आहे. एका कोर्सला शेती-हवामानाचा एक मुलगा आला होता, एका घाटमाथ्यावरच्या ठिकाणाचा रोजचा पाऊस घेऊन, १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस. तिसऱ्या दिवशी त्याने सरासरी काढली, रोजचा ९.७ मिमी. कोड अगदी बरोबर, एरर नाही, तो खूष, मीही पुढे निघाले होते. शेजारची मुलगी त्याच भागातली होती, ती म्हणाली मॅडम हे कमी वाटतंय, आमच्याकडे एवढाच पाऊस पडत नाही. मग फाइल उघडून खाली खाली गेलो तर ऑगस्टमध्ये एका दिवशी -९९९. नोंद नाही हे दाखवायला बऱ्याच ठिकाणी असा आकडा टाकतात, आणि प्रोग्रामने तो पाऊस म्हणून धरला. तो एक दिवस वगळल्यावर १२१ दिवसांची बेरीज २,१७८, सरासरी १८. एका आकड्याने निम्मा पाऊस गिळला होता. तीन -९९९ असते तर सरासरी उणे आली असती आणि लगेच कळलं असतं, एकच होता म्हणून उत्तर खरं वाटण्याइतकं खोटं आलं. त्या मुलीला पायथॉन त्याच्यापेक्षा कमी येत होतं. तिला पाऊस माहीत होता. त्या दिवसापासून मी वर्गात प्रत्येकाला रन करायच्या आधी अंदाज कागदावर लिहायला लावते.

चॅटजीपीटीबद्दल विचारलं नाहीये तुम्ही पण मनात असणार. एररचा अर्थ समजावून घ्यायला वापरा, एखादी ओळ काय करते ते विचारायला वापरा. पण या तीन आठवड्यांत आणि त्या पाच दिवसांत त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नका, मनापासून सांगते. ते लिहून देईल, चालेल पण, आणि वरचं ७० आणि ४०-३० त्याच्या लक्षात येईलच असं नाही, आणि तुमच्या लक्षात यायला तुम्हाला कोड वाचता आला पाहिजे. वाचता येणं हे लिहिता लिहिताच येतं. कोर्स झाल्यावर खुशाल वापरा.

आर (तीही प्रोग्रामिंगचीच भाषा) का पायथॉन, हा वाद तुमच्या विषयात चालतोच, परिसंस्थेवर काम करणारे बरेच जण आर वापरतात. तुमचा कोर्स पायथॉनचा आहे ना, मग पायथॉन. एक भाषा नीट आली की दुसरी महिन्याभरात हाताखाली येते. फरक लक्षात ठेवायचा तर आरमध्ये मोजणी १ पासून, पायथॉनमध्ये ० पासून, आपल्याकडे इमारतीत तळमजला आणि त्याच्या वर पहिला मजला, तसं.

एरर वाचायची सवय घरूनच करून या. लाल मजकूर दिसला की वरून वाचायला लागू नका, सगळ्यात खालची ओळ वाचा, तिथे मूळ तक्रार असते, मग कितव्या ओळीत आहे ते बघा. नेम एरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, नव्वद टक्के वेळा स्पेलिंग किंवा कॅपिटल-स्मॉल. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत गडबड. की एरर म्हणजे त्या नावाचा कॉलम नाही, बहुतेक नावाच्या शेवटी स्पेस आहे. मुद्दाम चुका करा, कंस काढा, कोलन काढा, काय म्हणतं ते बघून वहीत लिहा. वर्गात तीच एरर आली की ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं होतं.

गाइडशी आत्ताच बोलून ठेवा की पाच दिवस मी नसेन, अर्धा दिवस पण नाही. छोट्या कोर्समध्ये एक दुपार चुकली की पुढचं सगळं त्यावर उभं असतं. माझ्या वर्गात गळती नेहमी तिसऱ्या दिवशी होते, कुणाला गाइडने बोलावलं, कुणाचा प्रयोग होता, आणि तिसऱ्याच दिवशी फाइल वाचणं शिकवतो, ज्यासाठी खरं तर सगळे आलेले असतात. संध्याकाळी रूमवर गेल्यावर दिवसभरात केलेलं नवीन कोऱ्या नोटबुकमध्ये परत टाइप करा, कॉपी-पेस्ट नाही, आणि वर्गातल्या फाइलऐवजी तुमच्या दहा ओळींवर. शेवटी नोटबुक रीस्टार्ट करून पहिल्यापासून सगळं चालवून बघा, कारण नोटबुकमध्ये खोडलेल्या ओळीची किंमत पण मशीनच्या डोक्यात राहिलेली असते, आणि रात्री चाललेलं सकाळी चालत नाही ते त्यामुळे.

चार्जर, शक्यतो एक्स्टेन्शन बोर्ड, माउस असेल तर माउस, फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर. भिंतीच्या प्लगजवळची जागा धरा, जुन्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासाच्या वर टिकत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, वर्गात मागे पडले तर काय. सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाचा संशोधकांना प्रोग्रामिंग शिकवणारा एक उपक्रम आहे, १९९८ पासून चाललाय, धडे फुकट आहेत, त्यांची एक पद्धत मी उचललीय: प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, काम झालं की हिरवी लॅपटॉपच्या पाठीवर लावायची, अडलं की लाल, म्हणजे हात वर करून सगळ्यांसमोर बोलायला लागत नाही आणि मदतनीस आपोआप येतो. तुमच्या आयोजकांना सुचवून बघा, पन्नास रुपयांचं काम आहे. नसेल तर शेजारच्याशी पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी ठरवून घ्या की दोघांपैकी कुणी अडलं की लगेच एकमेकांना सांगायचं. अडल्यावर दोन मिनिटं स्वतः बघा, तिसऱ्या मिनिटाला विचारा. आणि सुटलंच काही तर मागचं पकडायला धावू नका, शेजारच्याची चालणारी ओळ उतरवून घ्या, बाजूला हॅश टाकून (हॅशच्या पुढचं पायथॉन वाचत नाही) मराठीत लिहा “हे कळलं नाही, रात्री बघणे”, आणि शिकवणाऱ्यासोबत पुढे चला.